ठिपक्यांची हजेरी

“सरनोबत!”

“हजर जी!”

“निशाणदार!”

“हजर जी!”

“चोपदार!”

“हजर जी!”

मी पेन थांबवलं आणि मान वर केली. तिन्ही हजऱ्या एकाच घशातून आल्या होत्या. पहिली जाड आवाजात, दुसरी बारीक, तिसरी नाकातून; पण घसा एकच. रांगेमागे भिकूमामा परीट उभा होता. डोक्यावर सरनोबताची पगडी, एका हातात निशाणाची काठी, दुसऱ्या हातात चोपदाराचा सोटा, आणि नाक खाजवायला तिसरा हात नसल्यानं चेहऱ्याची झालेली दैना. अख्खं मैदान हसत होतं. मीही हसले आणि वहीत तीन ठिकाणी ‘हजर’ लिहून मोकळी झाले. आमच्या मंडळाचा नियमच तसा होता.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. आमचं केळशेत गाव मंगळाईगडाच्या पायथ्याशी आहे. दर माघी पौर्णिमेला आम्ही गडाची चढाई करून दाखवत असू. म्हणजे जुन्या काळच्या वेशात पायथ्याशी दरबार भरवायचा, मग ढाल-तलवारी घेऊन गडाचा दरवाजा सर करायचा. पगारी माणूस एकही नाही. कौलांच्या वखारीचा मालक, एसटीचा कंडक्टर, दोन मास्तर, एक शिंपी, झालंच तर ग्रामपंचायतीचा शिपाई, असे तेवीस जण. दसऱ्यापासून दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सराव चाले, आणि तोही पूर्ण पोशाखात. “अंगात अंगरखा चढल्याशिवाय पाठ ताठ होत नाही,” असं आबा पिसाळ म्हणत. आबा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. मंडळ त्यांनीच काढलं होतं, आणि नियमही सगळे त्यांचेच होते.

गडावर हजेरीची वही ठेवायचा तो सबनीस. आमच्या मंडळात ते काम माझ्याकडे होतं, कारण मी वाचनालयात नोकरीला होते आणि माझं अक्षर गावात सगळ्यात सुवाच्य होतं. सबनीस बाई कशी, असा प्रश्न पहिल्या वर्षी निघाला. मी फेटा बांधला, काजळानं मिश्या काढल्या आणि प्रश्न मिटवला. माझ्या मिश्या घामानं ओघळायच्या, पण वहीत सहा वर्षांत एक डाग नव्हता. मला त्या वहीचा फार गर्व होता, तेही आताच सांगून टाकते.

वहीचा नियम असा. मैदानावर माणसाला नाव नाही. हजेरी पदाच्या नावानं पुकारायची आणि त्या पदाच्या पोशाखात जो उभा असेल त्यानं ‘हजर जी’ म्हणायचं. एखाद्याला अडचण आली तर बदली माणूस चालेल, पण जागा रिकामी राहता कामा नये. पंधरा रविवार भरले आणि गडाच्या दिवशी मूळ माणूस स्वतः आपल्या जागेवर उभा राहिला, की त्याची एक मोहीम पुरी. गडाचा दिवस चुकवला तर मोहीम बुडाली, मग बाकीचे रविवार कितीही भरलेले असोत. अशा दहा मोहिमा ज्याच्या होतील, त्याला दरबारात विड्याचा मान. तबकातला पानाचा विडा त्यानं उचलायचा आणि त्या वर्षीची चढाई त्यानं पुढे होऊन न्यायची. पंधरा वर्षांत तो मान तिघांनाच मिळाला होता. ज्यांना मिळाला ते पुढे वर्षभर गावात जरा छाती काढूनच चालायचे.

त्या वर्षी विडा दत्ताजी शिंगट्यांचा होता. ते आमचे सरनोबत. कौलांची वखार त्यांचीच. मिशी खरी, आवाज भारदस्त, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. नऊ मोहिमा पुऱ्या झालेल्या, दहावी गडाच्या दिवशी पुरी होणार. त्यांनी साताऱ्याहून नवे चढाव, जुन्या घाटाचे करकरीत जोडे, मागवले होते.

तर त्या रविवारी सराव संपल्यावर भिकूमामा माझ्यापाशी आला. तीन पोशाख उतरवून त्यानं घड्या घालून बोचक्यात बांधले होते. मंडळाचे अंगरखे धुऊन, इस्त्री करून आणायचं काम त्याच्याकडे होतं.

“ताई,” तो म्हणाला, “येक इचारायचं हुतं. सवडीनं सांगा.”

“विचारा की.”

“वहीत माज्या मोहिमा किती झाल्यात, तेवढं बघून सांगाल का? माज्या हिशेबानं धाच्या वर हुतील. दत्ताजीरावांच्या आदी न्हाई, त्यांच्या मागनं. फुडल्या साली चालंल. पर फुडल्या साली मी नसन हितं. लेक पिंपरीला न्हेती म्हणती. गुडघं गेलं आता. म्हून म्हनलं, जमलं तर ह्याच साली बघावं.” आणि घाईघाईनं म्हणाला, “नसंल जमत तर ऱ्हाऊं द्या.”

मी वही घेऊन घरी गेले. पंधरा वर्षांच्या तीन वह्या होत्या. पहिल्या दोन माझ्याआधीच्या, पोस्टातल्या साळुंख्यांच्या हातच्या. संध्याकाळपर्यंत सगळी पानं पालथी घातली. भालदार हजर, नाईक हजर, तटसरनोबत हजर. वहीच्या शेवटी पदं आणि ती धरणाऱ्या माणसांची यादी असे. तीही दहा वेळा वाचली. भिकूमामाला स्वतःचं पद कधी दिलंच नव्हतं. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या जागी उभा राहिला होता, आणि त्याचा प्रत्येक ‘हजर जी’ मी आणि साळुंख्यांनी दुसऱ्यांच्या खात्यावर मांडला होता. त्याची स्वतःची एकही हजेरी नव्हती. माझ्या त्या एक डाग नसलेल्या वहीत तो माणूस एकदाही आलेला नव्हता.

चार दिवस मी त्याला टाळलं. त्याची टपरी स्टँडवर, म्हणून तिकडनं जायच्याऐवजी मारुतीच्या देवळामागून वाचनालयात जाऊ लागले. पाचव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली आणि त्याच्या इस्त्रीच्या टपरीवर गेले.

मामा कोळशाच्या इस्त्रीत फुंकर मारत होता. मागे त्याची बायको सगुणामामी पिळे झटकत होती.

“मामा, वही पाहिली,” मी म्हटलं. “वहीत तुमचं नाव नाही.”

त्यानं इस्त्री उभी ठेवली. मग हसला.

“आसं व्हय. बराबर हाय. मी कुटं माज्या नावानं आलतो?” आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागला. “जाऊं द्या ताई. तुमी येवढ्या वह्या बघितल्या, तुमालाच तरास दिला म्या.”

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण चिडली ती सगुणामामी. हातातला पिळा तिनं बादलीत आपटला.

“तुमची वही ऱ्हाऊं द्या तिकडं,” ती म्हणाली. “आवं, त्यांना ठिपक्यांचं सांगा की!”

“गप गं.”

“का गप? पंदरा वरसं मी धुतलंय त्ये. ताई, त्या अंगरख्यांची आतली शिवण बघा. आमी परीट, कापडावर खूण केल्याबिगर आमचं काम चालत न्हाई. ह्यो ज्या रयवारी ज्याचा अंगरखा अंगात घालंल, त्या रयवारी त्याच्या आतल्या शिवणीला बिब्ब्याचा ठिपका. येक दिस, येक ठिपका. बिब्ब्याची खूण कापड फाटलं तरी जायची न्हाई.”

“पण खूण कशाला?” मी विचारलं.

मामा खाली बघून कॉलर दाबत राहिला. मामीच बोलली.

“ठिपका ताजा दिसला की मला कळतं, ह्यो ह्यानं घातला हुता. मंग त्यो मी दोनदा धुते. म्होरल्या रयवारी ज्याचा त्यानं घातला की त्याला परटाच्या घामाचा वास यायला नगं, म्हून. ह्याचंच सांगणं हाय त्ये.”

वाईट वाटलं म्हणणं फार थोडं होईल. मी तिथून उठले ते सरळ शाळेत गेले आणि पोशाखांच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

गडाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी तेवीसच्या तेवीस अंगरखे उलटे करून खोलीभर पसरले होते. आतल्या शिवणीला काळ्या ठिपक्यांच्या ओळी होत्या, मुंगीएवढ्या, एकाखाली एक. कुणाकडे सात, कुणाकडे सतरा. भालदाराकडे एकेचाळीस. कुणीही सुटलं नव्हतं. मी आबांना बोलावून घेतलं. ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले.

“किती?”

“दोनशे सत्तावीस. दहा मोहिमांना दीडशे लागतात.”

“कुठल्या वर्षी किती, ते कळतं का?”

“नाही.”

“मग मोहीम कशी धरायची?” आबा म्हणाले. पण आवाजात नेहमीचा मास्तर नव्हता. “हेमा, मागच्या तारखेला वहीत खाडाखोड करायची नाही. एकदा केली की वही संपली.”

“खाडाखोड नको म्हणते मी. पण आबा, वही चुकीची लिहिलीय. सहा वर्षं मीच लिहिलीय.”

तेवढ्यात दारात दत्ताजी आले. उद्यासाठी पट्टा न्यायला आले होते. खोलीतला पसारा पाहून थबकले. माझ्या मांडीवर नेमका त्यांचाच अंगरखा होता.

“काय मोजताय?”

“तुमचे रविवार,” मी म्हटलं. जीभ जरा तिखट होती तेव्हा माझी. “बावन्न आहेत. हे बावन्न रविवार तुमच्या अंगरख्यात भिकूमामा उभा होता.”

त्यांचा चेहरा लाल झाला. “माझी आई साताऱ्याला दवाखान्यात होती दोन हिवाळे. आबांना विचारून गेलो होतो मी. पळून नव्हतो गेलो.”

“मला माहीत आहे. नियमात बसतं ते. पण ‘हजर जी’ कोण म्हणालं?”

“म्हणजे माझ्या नऊ मोहिमा खोट्या?”

“खोट्या नाहीत. अर्ध्या तुमच्या, अर्ध्या त्याच्या.”

“विडा अर्धा करून देता येतो का?” ते ओरडले. मग पट्टा न घेताच निघून गेले. चढावांचा करकर आवाज पार फाटकापर्यंत ऐकू येत होता.

आबा उठले. अंगरख्याची घडी त्यांनी स्वतः घातली, आणि आबा घडी घालतात हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

“दरबारात विड्याचं नाव सबनीस पुकारतो,” ते म्हणाले. “त्यात मी पडणार नाही. पण वहीत नसलेलं नाव पुकारलंस, तर सोमवारी वही माझ्याकडे आणून द्यायची. नियम नियमासारखा पाळायचा, मग तू असो की मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या माळावर मांडव उभा राहिला. आसपासच्या वाड्यांवरून माणसं आली होती. मी मिश्या काढल्या, फेटा बांधला, वही उघडली. भिकूमामाला शोधत होते, तो दिसेना. आणि मग दिसला. मांडवाच्या दाराशी, भालदाराच्या पोशाखात, हातात भाला. आमचा भालदार पोपट कदम एसटीत कंडक्टर होता. जत्रेच्या जादा गाड्या सुटल्यामुळे त्याला ऐनवेळी ड्यूटी लागली होती, आणि नेहमीप्रमाणे ती जागा मामानं भरली होती.

हजेरी झाली. तेवीस जागा, तेवीस हजर. दत्ताजी सरनोबताच्या जागेवर होते, गादीच्या उजव्या हाताला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तबक आलं. तबकात विडा.

मी म्हटलं, “यंदाच्या विड्याचा मान, भिकाजी रामा परीट.”

माळावर कुजबूज उठली. पंधरा वर्षांत दरबारात पदाऐवजी माणसाचं नाव पहिल्यांदाच पुकारलं गेलं होतं. आबा मान खाली घालून बसले होते. आणि भिकूमामा? तो दारात होता तसाच उभा होता, समोर नजर लावून. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा पुकारलं.

“आईकलं, ताई,” तो तिथूनच म्हणाला. “पर मी आता भालदार हाय. दार सोडून कसा यीन?”

लोक हसले. मी म्हटलं, “मामा, या. चालेल.”

“कसं चालंल? आबांनीच सांगितलंय, जागा रिकामी ठिवून कुणी हलायचं न्हाई. दाराला भालदार नसंल तर दरबार कसला?” त्याच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. पण भाला दगडासारखा सरळ होता. “विडा दत्ताजीरावांस्नी द्या. माजं नाव घेतलंत, लई झालं.”

आता काय करावं? आबांकडे पाहिलं. ते यात पडणार नव्हते. तेवीस जणांपैकी ज्याला त्याला आपापली जागा होती, आणि आज ती सोडली तर मोहीम बुडणार होती. सुटा माणूस एकच होता, आणि तो भाला धरून उभा होता. बाकीचे एकमेकांच्या चढावांकडे पाहू लागले.

तेव्हा करकर आवाज झाला. दत्ताजी शिंगटे गादीशेजारून खाली उतरले. कमरेची तलवार सोडून त्यांनी गादीच्या कडेला ठेवली. भर दरबारातून चालत दाराशी गेले. डोक्यावरची पगडी काढून काखेत धरली आणि मामाचा मुंडासा त्याच्या डोक्यावरून अलगद उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग भाल्याला हात घातला.

“सोडा, मामा.”

“आवं, सरनोबत...”

“सोडा म्हणतो ना. मी उभा राहतो तुमच्या जागी. जा.”

मामानं भाला सोडला. बोडक्या डोक्यानं तो दरबारातून चालत आला. दोन्ही बाजूंचे एकवीस जण त्याला मुजरा करत होते, आणि तो बिचारा प्रत्येकाला उलटा मुजरा करत येत होता, त्यामुळे पोचायला बराच वेळ लागला. तबकापाशी येऊन त्यानं विडा उचलला आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, “आता ह्यो खायाचा असतो का धरायचा?”

“धरा, आणि चला गडावर.”

त्या वर्षीची चढाई आमच्या मंडळातली सगळ्यात संथ चढाई होती. शत्रूला सावरायला, जेवायला आणि दुपारची झोप काढायलाही वेळ मिळाला असता. पुढे गुडघे धरत भिकूमामा, आणि मागे तलवारी उपसलेले एकवीस मावळे, एकेक पायरी, कुणी पुढे जायचं नाव घेईना. वळणावळणावर मामा दम खायला थांबे, की सगळे थांबत आणि तेवढ्यात जयजयकार करून घेत.

वहीचंही इथंच सांगते. सोमवारी ती घेऊन मी आबांकडे गेले होते. त्यांनी शेवटचं पान वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. चहा पाजला. त्या विषयावर आमच्यात पुढे कधीच बोलणं झालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या पानाचं. लोक चढाईमागे गेले आणि मांडव रिकामा झाला. सबनिसानं खाली थांबायचं असतं, म्हणून मी होते. आणि दाराशी भाला घेऊन दत्ताजी होते, ताठ उभे, समोर बघायला कावळासुद्धा नसताना. मुंडासा त्यांना लहान होत होता. मी वही घेऊन त्यांच्यापाशी गेले.

“आता टेका भाला. कुणी नाही इथं.”

“भालदाराची हजेरी मांडलीस का?”

“मांडते. पण दत्ताजीराव, गडाच्या दिवशी जागा सोडलीत तुम्ही. मी सरनोबताच्या पुढे ‘हजर’ तसंच ठेवलं तर कुणी विचारणार नाही. हजेरी झाली तेव्हा होतातच की जागेवर.”

वर गडावरून शिंगाचा आवाज आला. म्हणजे मामा दरवाजाशी पोचला होता. दत्ताजींनी तिकडे पाहिलं आणि नाक ओढलं.

“दहावी मोहीम जाते माझी,” ते म्हणाले.

“हो.”

“बावन्न रविवार, म्हणालीस ना?”

“बावन्न.”

“मग लिही, खाडाखोड न करता लिही. सरनोबताच्या जागी आज कुणी उभं नव्हतं.”

मी गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीवर डाग पडला, शाईचा नव्हता. भालदार, हजर. भिकाजी रामा परीट, हजर. सरनोबत, गैरहजर.